दुधनीच्या भुवनेश्वरीची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी अभिप्रायपेटी आहे आणि माझ्या पोटात एक पाप आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सोलापुरातल्या एका मोडीत निघालेल्या हातमागाच्या लाकडातून सुताराने मला घडवलं. कॉलेजच्या जिन्याखाली मला टांगलं तेव्हा काय माझा थाट! अंगावर पॉलिश, पुढे पितळी कुलूप. त्या वर्षी 'विविधता आणि जागतिक नागरिकत्व' हा नवा विषय सुरू झाला. सोनाली मॅडमनी वर्गात जाहीर केलं, "या विषयाबद्दल मनात असेल ते लिहा, आपापल्या भाषेत लिहा." मग काय! मराठी, तेलुगू, उर्दू, कानडी, सगळं माझ्या पोटात. मी फुशारले, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी कर्नाटक सीमेवरच्या दुधनीची भुवनेश्वरी आली. चिठ्ठी टाकून तिने शिपाई गुरुशांतमामांना विचारलं, "मामा, ही पेटी उघडतात कधी?"

"शनिवारी की, बाळ."

शनिवारी ती लांबून बघत उभी राहिली. मामांनी कुलूप उघडून दिलं. मॅडमनी मराठी-इंग्रजी चिठ्ठ्या अहवालासाठी घेतल्या आणि बाकीच्या परत आत टाकल्या. "वाचणारं कुणी मिळालं की बघू." मॅडम मनाने वाईट नव्हत्या हो. अहवालात छापून आलं, मुलांना विविधता फार आवडते. भुवनेश्वरी सोमवारनंतर कॉलेजात दिसली नाही.

दोन वर्षं मला कुणी उघडलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, तीच आली, उत्तर मागायला. वारा नसतानाही आत कागद सळसळायचा. देवाशपथ, मला भीती वाटायची.

परवा रंगकामासाठी मला खाली उतरवलं. कुलूप गंजलेलं, तोडावं लागलं. मॅडम शेजारीच होत्या. मामांनी एक चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने वाचून सांगू लागले.

"पोरीनं लिवलंय, 'मी तोंड उघडलं की वर्ग हसतो. आई म्हणते, घरी ये, लग्न लावू. सोमवारपर्यंत एक जण जरी माझ्याशी नीट बोललं, तरी मी राहीन.'"

मॅडमनी वाकून चिठ्ठीवरची अक्षरं पाहिली. "मामा, तुम्हाला कानडी वाचता येतं?"

"व्हय की. घरची भाषा हाय. मी त्या दिशीबी हितंच उभा हुतो, मॅडम. कुणी इचारलंच न्हाय."

मित्रांनो, आता मला नवा रंग आहे, नवं कुलूप आहे. पण हात जोडून सांगते, लोकांना लिहा म्हणण्याआधी वाचणारा शोधा. तो दाराशीच उभा असेल. आणि दुधनीकडे कुणी गेलात, तर भुवनेश्वरीला एवढं सांगा, चिठ्ठी वाचली म्हणावं. दोन वर्षं उशिरा.