आईमार्फत

"त्याला सांग, घट्ट धर म्हणावं," जीपखाली उताणा पडलेला थोरला म्हणाला.

"दादा म्हणतोय, घट्ट धर," चाकाशेजारी स्टुलावर बसलेल्या आईने निरोप दिला.

"मला ऐकू येतंय," धाकटा म्हणाला. तोही जीपखालीच होता. दोघांच्या नाकांमध्ये वीतभर अंतर होतं. तेवढ्या जागेत गाडीचे धक्के झेलणारी मोडकी पोलादी कमान, तिचा गंजून एकजीव झालेला नटबोल्ट आणि तीन वर्षांचा अबोला बसला होता.

अबोल्याचं कारण दोघांच्या डोक्यावरच होतं. वडील गेल्यावर थोरल्याने त्यांची ही जीप, धाकट्याला न विचारता, हिरवीची पांढरी करून घेतली. धाकट्याने ती पाहिली, एक शब्द बोलला नाही आणि पुढे बोललाच नाही. मध्ये पडून पडून आई थकली. त्यामुळे कमान मोडली तेव्हा तिला मनातून आनंदच झाला. कमान काढायची तर बोल्ट काढायला हवा, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. एकाने अलीकडून पान्याने बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने पलीकडून दुसऱ्या पान्याने नट फिरवायचा. थोरला गॅरेजवाल्याला आणायला निघाला होता. आईने त्याला अडवलं आणि धाकट्याला फोन केला. आज ही पोरं बोलली नाहीत, तर आपण डोळे मिटल्यावर एकमेकांच्या दारातही उभी राहणार नाहीत, या भीतीने तिला हल्ली झोप लागत नव्हती.

रॉकेल ओतून झालं, हातोडीने ठोकून झालं. नट ढिम्म.

"त्याला सांग, गाढवासारखे हिसके मारू नकोस."

"दादा म्हणतोय, जरा दमानं."

"त्याला म्हणावं, अक्कल रंग लावताना वापरायची असते."

"तो म्हणतोय, बरं."

निरोपाची धार बोथट करण्यात आईचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण त्यात वेळ जायचा. थोरला 'आता' म्हणून जोर लावायचा. ते ऐकू आलं तरी धाकटा आईच्या 'आता'ची वाट बघायचा. तत्त्व म्हणजे तत्त्व. तो ओढायला लागेपर्यंत थोरल्याचा दम संपलेला असायचा, आणि मग नट आणि बोल्ट जोडीने गोल फिरायचे. सकाळभर दोघा भावांनी तो बोल्ट इमानेइतबारे फिरवला, आणि नट होता तिथेच राहिला.

शेवटी आई उठली.

"माझा घसा बसला. मी आई आहे तुमची, टेलिफोन नव्हे." आणि ती खरंच आत निघून गेली.



"'आता' म्हटलं की ओढायचं," थोरला कमानीला म्हणाला.

"म्हणायचं कुणी?" धाकट्यानेही कमानीलाच विचारलं.

"मोठ्याने."

"जीप पांढरी केली तेव्हाही मोठाच होता."

"पत्रा गंजत होता! बाबांची गाडी कुजू द्यायची होती का?"

"मग हिरवाच रंग का नाही लावलास, दादा?"

'दादा' तोंडातून निसटला तसा धाकटा ओशाळला. थोरल्याने उगाच पाना काढून पुन्हा बसवला.

"हिरवी बघवत नव्हती," तो म्हणाला. "फाटकाशी उभी दिसली की वाटायचं, बाबा आत बसलेत."

"मला तेच तर वाटायला हवं होतं!" धाकटा ओरडला आणि त्याने रागाने पाना ओढला. ओरडा ऐकून थोरलाही चिडला. त्यानेही त्याच क्षणी ओढला.

कडाक्!

दोघांच्याही तोंडावर गंज सांडला. धाकट्याची बोटं सोलवटली. नट सुटला होता.

बाहेर येऊन दोघे थुंकत, डोळे चोळत बसले. थोरल्याने खिशातला रुमाल काढला आणि धाकट्याच्या बोटांना गुंडाळला, जरा जास्तच घट्ट. दोघांनी मिळून करायचं काम संपलं होतं. धाकटा चपला शोधू लागला.

"जरा इकडे ये," थोरला म्हणाला. तो पुन्हा जीपखाली शिरला होता, पण पलीकडच्या बाजूने. तिकडची कमान चांगली शाबूत होती.

धाकट्याने काही न विचारता आत सरकून तिकडच्या बोल्टचं डोकं धरलं. थोरल्याने नटाला पाना लावला. नट लोण्यासारखा फिरला. त्याने तो हळूच परत आवळला.

"हाही जाम आहे," तो म्हणाला.

धाकट्याच्या हातातल्या पान्याला सगळं कळलं होतं. तो क्षणभर दादाच्या गंजाने माखलेल्या तोंडाकडे बघत राहिला.

"हो ना," तो म्हणाला. "फारच."

आई चहा घेऊन बाहेर आली. "निघाला का रे?"

"एक निघाला," थोरला खालून म्हणाला. "दुसऱ्याचं आज काही खरं नाही."

"उद्या सकाळीच येतो," धाकटा म्हणाला. हे तो आईला सांगत नव्हता.