तुळसाबाईंचा सैल धागा

अंथुर्ण्याच्या रस्त्यालगतच्या मांडवात त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. धागेवाल्या महाराजांनी तुळसाबाईंच्या पोटावरचा लाल धागा दोन बोटांनी उचलला. मागच्या गुरुवारी अंगाला घट्ट बसलेला धागा चक्क सैल झाला होता.

"बघा, गाठ आटतीय. अन्नाचा दाणा न्हाय मिळाला तर ती जगंल कशावर? कापाकापी करायची गरजच न्हाय. काढा प्या आन् धागा बघा."

सगळ्या मांडवानं हात जोडले. सर्वांत आधी जोडले ते तुळसाबाईंच्या नवऱ्यानं, जोतीरामतात्यांनी.

आता हे तात्या कोण, तर निमगाव केतकीत कुणाच्या अंगात आलं की पुढं होऊन "थर्मामीटर लावा" म्हणणारे गृहस्थ. पण बारामतीच्या डॉक्टरांनी बायकोच्या आतड्याला कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं आणि तात्यांचं शहाणपण गळून पडलं. त्यातून महाराजांचं म्हणणं त्यांना शास्त्रीय वाटलं. ऊस तोडायच्या आधी आपण पाणी तोडतोच की, मग गाठीचं खाणं तोडलं तर बिघडलं कुठं? हा शोध स्वतःच लावला म्हणून तात्या मनातल्या मनात खूशही होते. तुळसाबाई मात्र कडू काढ्यावर दिवस ढकलत होत्या.

ऑपरेशनआधीच्या तपासणीची तारीख आली तेव्हा, गाठ आटल्याचं डॉक्टरांना दाखवायलाच, दोघं बारामतीला गेले. रुग्णांचा आहार ठरवणाऱ्या करुणाताईंनी तुळसाबाईंना वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला हात लावला. तात्यांनी ऐटीत धागा दाखवला. "निम्मी गाठ गेलीय, म्याडम."

तुळसाबाई हळूच म्हणाल्या, "अवो, पोटातली गाठ आटली म्हनून धागा सैल झाला. मग ह्या बांगड्या का गळाय लागल्यात? मनगटातबी गाठ हुती व्हय?"

तात्यांनी एक बांगडी कोपरापर्यंत वर सरकवली, ती घरंगळत पुन्हा बोटांपर्यंत आली.

"गाठ आहे तिथंच आहे, तात्या. आटल्यात त्या मावशी," करुणाताई म्हणाल्या. "कुणालाही उपाशी ठेवा, धागा सैल होणारच. गाठ काही उपाशी मरत नाही, माणसाचं मांस मात्र झिजतं. अशा अंगावर मोठं ऑपरेशन केलं तर जखम भरायला बळ कुठनं येणार?"

"पण उसाला आमी..."

"तोडलेला ऊस कारखान्याला जातो. मावशींना घरी न्यायचंय ना? तोडल्यावर पुन्हा फुटवा यायचा, खोडवा ठेवायचा, तर मागं राहिलेल्या बुडख्यात जीव नको?"

भर दवाखान्यात तात्या रडले. "मीच मारत हुतो गं तुला."

"रडताय काय? आदी जेवायचं बघा," तुळसाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ऑपरेशन थोडं पुढं ढकललं. अंडी, दूध, घट्ट वरण सुरू झालं. तात्यांनी जन्मात पहिल्यांदा आम्लेट केलं. ते खाऊन तुळसाबाई म्हणाल्या, "काढा बरा हुता." ऑपरेशन पार पडलं. नंतर डॉक्टर सांगतील तसं आधी घोट घोट पाणी, मग मऊ खिचडी, थोडी थोडी पण पुन्हा पुन्हा. जखम नीट भरली.

मग एका गुरुवारी दोघं मांडवात गेले. महाराज एका वाळलेल्या म्हाताऱ्याचा धागा उचलून दाखवत होते. तात्या उठले.

"मी थर्मामीटरवाला जोतीराम. लोकांना शहाणपण शिकवलं आन् सोताच्या बायकूला उपाशी ठिवलं. माझ्याएवढं येडं निमगावात दुसरं न्हाय. धागा पोट मोजतो, बाबांनो, गाठ न्हाय. गाठीसाठी डॉक्टरकडं जा. आन् ह्या म्हाताऱ्याला आदी जेवाय घाला."

तुळसाबाईंनी पिशवीतला डबा काढून म्हाताऱ्यापुढं उघडला.