तिसऱ्या सत्रातला दिवा

बर्फावरच्या हॉकीच्या संघमालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवून टाळं लावल्याची बातमी ओरेस्ट कुझिकने स्वयंपाकघरात उभ्याने ऐकली आणि हातातली कॉफी सिंकमध्ये ओतून दिली. मालक म्हणत होते, पगारांना मर्यादा हवी. खेळाडू म्हणत होते, मर्यादा नको. दोन्ही बाजूंना पैशाला तोटा नव्हता. हॉकरिज गावाने आधी दोघांनाही शिव्या घातल्या. मग कर्लिंग क्लबात, म्हणजे गावच्या गप्पांच्या अड्ड्यावर, बसून कामाची वाटणी झाली. अर्ध्या गावाने मालकांना शिव्या द्यायच्या, अर्ध्याने खेळाडूंना. ओरेस्ट कुठल्याच बाजूला गेला नाही. त्याला फक्त शनिवार हवा होता.

त्याची बायको स्टेफा मे महिन्यात गेली. उन्हाळा त्याने बटाटे आणि शेपू लावण्यात काढला. शेपू कुणी खाणार नव्हतं तरी लावला. बाकीचे दिवस तो कसेही रेटायचा, पण ऑक्टोबरमधल्या पहिल्या शनिवारच्या सामन्याकडे मात्र त्याचे डोळे लागले होते.

त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी ओरेस्टचा निळा संघ हरायला आला होता. तिसरं, म्हणजे शेवटचं सत्र सुरू झालं आणि स्टेफा चहा टाकायला आत गेली. निळ्यांनी लागोपाठ तीन गोल केले. ती चहा घेऊन बाहेर आली तर समोरच्यांनी एक फेडला. "आत जा!" ओरेस्ट ओरडला. ती कप हातात घेऊनच आत गेली आणि निळे जिंकले. झालं. पुढची तीस वर्षं तिसरं सत्र लागलं की स्टेफा सोफ्यावरून उठायची, स्वयंपाकघरात जायची, सिंकपाशी टीव्हीकडे पाठ करून उभी राहायची आणि शेवटचा भोंगा वाजेपर्यंत बाहेर यायची नाही. हॉकरिजमध्ये यात कुणाला वावगं वाटलं नाही. तिथले पाद्रीसुद्धा वसंतात बाद फेरी सुरू झाली की दाढीला हात लावत नसत, आणि ईस्टरचं प्रवचन झुडपासारख्या तोंडाने देत.

आत गेल्यावर स्टेफा दिवा मालवायची. "नुसतं उभं राहायला दिवा कशाला जाळायचा?" म्हणायची. ओरेस्ट तिला चिक्कू म्हणायचा. मग अंधारातून तिचा आवाज यायचा.

"अरे, तो एक्याऐंशी नंबरवाला मोकळा सुटलाय, धरा त्याला!"

"एक्याऐंशी कुणी नाहीये, अठरा आहे तो!"

"असेल बाई."

"आणि तुला काय कळतंय तिकडून?"

"लोक ओरडतायत ते ऐकू येतं ना."

तीस वर्षांत तिला नंबर काही धड कळले नाहीत.

तर गोष्ट अशी की आठवड्यात एकच वेळ अशी होती, जेव्हा स्टेफा खोलीत नसणं बरोबर होतं. तिसऱ्या सत्रात ती तिथे नसायलाच हवी होती. तेवढी वीस मिनिटं सोफ्यावर एकटं बसणं म्हणजे नेहमीसारखं बसणं. ओरेस्टने सगळा उन्हाळा त्या वीस मिनिटांच्या आशेवर काढला होता. आणि आता कुठल्यातरी मोठ्या शहरात, कुठल्यातरी हॉटेलात, कोट घातलेली माणसं त्याच वीस मिनिटांवरून भांडत बसली होती.

पहिल्या शनिवारी टीव्हीवर जुना सामना लावला होता. ओरेस्टने तो थोडा वेळ पाहिला. त्यात काही अर्थ नव्हता. निकाल ठरलेला होता. होऊन गेलेल्या सामन्यासाठी बायकोला आत पाठवायची गरज नसते. त्याने आवाज बंद केला आणि रस्त्यापलीकडच्या लॉर्न मॅकफीला फोन लावला. लॉर्न लाल संघवाला. तीस वर्षं त्यांचं एकमेकांशी त्यामुळेच जमत होतं.

"काय बघतोयस?" ओरेस्टने विचारलं.

"जुना सामना. आम्ही हरतोय. गेल्या आठवड्यातही यातच हरलो होतो."

"लॉर्न, तू गावच्या रिंकवर सामन्यांना माइकवर बोलायचास ना?"

"बोलायचो म्हणजे! गोल कुणी केला आणि बाहेर कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, दोन्ही मीच सांगायचो."

"मग आता बोल."

"काय बोलू?"

"सामना. आजचा. निळे विरुद्ध लाल. तिसरं सत्र लागलंय."

"ओरेस्ट, गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या. बोल म्हणतो ना."

लॉर्नने घसा खाकरला. आणि मग तो असा काही सुटला की ओरेस्ट सोफ्याच्या कडेला येऊन बसला. चकती या काठीवरून त्या काठीवर गेली, कुणी फळीवर आदळला, पंचाने भलत्यालाच बाहेर बसवलं, लोकांनी बर्फावर टोप्या फेकल्या. ओरेस्टने फोन मोठ्या आवाजावर करून सोफ्याच्या हातावर ठेवला. पाठीमागे स्वयंपाकघरात दिवा जळत होता. तिथे अंधार करायचं त्याच्याने झालं नव्हतं. पण बाकी सगळं जागच्या जागी होतं. तो इथे होता, स्टेफा इथे नव्हती, आणि ते बरोबर होतं.

शेवटच्या क्षणी लाल जिंकले.

"तुझेच जिंकले?"

"मी काय करणार? चकती तिकडे गेली."

"चकती तुझ्या तोंडात आहे, लेका!"

"माझ्या तोंडात आहे म्हणून कुठेही नेऊ? खेळाची काही नीती आहे की नाही?"

तरी दुसऱ्या दिवशी ओरेस्ट तळघरात गेला, फ्रीजरमधून स्टेफाच्या हातच्या पेरोगी काढल्या, उकळल्या, वर परतलेला कांदा घातला आणि ताटली घेऊन रस्ता ओलांडला. बटाटा आणि चीज भरलेल्या त्या करंज्या लॉर्नने उभ्याउभ्याच संपवल्या. त्यानंतर दर शनिवारी सामना आणि दर रविवारी पेरोगी, असा पायंडा पडला. लाल जिंकत राहिले. ओरेस्ट दर वेळी शिव्या द्यायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा फोन लावायचा.

डिसेंबरात लॉर्नने विषय काढला.

"कालच्या सामन्यात गोलकीपर जखमी झाला, दोन मारामाऱ्या झाल्या, जादा वेळ खेळावा लागला. आणि ताटलीत नेहमीएवढ्याच? दर वाढवायला हवा."

"मारामाऱ्या मी सांगितल्या होत्या का तुला?"

"लोकांना आवडतात."

"लोक म्हणजे मी एकटा आहे!"

"तूच म्हणालास, शाबास म्हणून."

पुढच्या रविवारी ओरेस्ट तळघरात गेला. फ्रीजरमध्ये एकच पिशवी उरली होती. तोंडाला लाल लोकर बांधलेली. ती गाठ स्टेफाने मारली होती. त्याने पिशवी हातात घेतली, बोटं बधिर होईपर्यंत धरली आणि परत ठेवली. मग गाडी काढून दुकानात गेला, तयार पेरोगी आणल्या आणि कांदा जरा जास्तच घातला.

लॉर्नने एक घास घेतला. काटा खाली ठेवला.

"स्टेफाच्या पेरोगीच्या कडेला बोटाचा ठसा असतो. या मशीनच्या आहेत."

"खा मुकाट्याने."

"मालकाने करार मोडला. मी काम थांबवतो."

"तू काय थांबवतोस! मीच टाळं लावतो तुला!" ओरेस्ट ताटली घेऊन घरी आला आणि फोनची वायर भिंतीतून उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पारा शून्याखाली तीसला असताना, लॉर्न ओरेस्टच्या फाटकासमोर येरझाऱ्या घालत होता. हातात हॉकीची जुनी काठी, तिला पुठ्ठा ठोकलेला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: हातच्या पेरोगी मिळेपर्यंत समालोचन बंद. येणारेजाणारे गाडीची काच खाली करून चौकशी करत होते. दुपारपर्यंत कर्लिंग क्लबात नवी वाटणी झाली. निम्मे लॉर्नच्या बाजूचे, निम्मे ओरेस्टच्या. गावात आता दोन टाळेबंद्या होत्या आणि या दुसरीबद्दल माणसं जास्त पोटतिडकीने बोलत होती, कारण हिच्यातले दोघेही त्यांना भेटत होते.

माणसाला दारात गोठू द्यायची तिकडे पद्धत नाही. म्हणून ओरेस्ट अधूनमधून कॉफी घेऊन बाहेर जायचा. लॉर्न काठी बगलेत धरून कॉफी प्यायचा, कप परत द्यायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

"साखर कमी आहे."

"तेही लिही पुठ्ठ्यावर."

"जागा उरली नाही."

दोन शनिवार असेच कोरडे गेले. त्या दोन्ही संध्याकाळी ओरेस्ट कपडे न बदलता सहालाच पलंगावर जाऊन पडला आणि छताकडे बघत राहिला. कारण खोलीत बसलं की स्टेफा नव्हती, आणि आता ती नसायला काही कारणही नव्हतं.

शेवटी स्टेफाची थोरली बहीण इरेना शेजारच्या गावाहून गाडी हाकत आली. तिने फाटकासमोरच्या लॉर्नला दंडाला धरून आत आणलं, ओरेस्टला समोर बसवलं आणि कोट न काढताच विचारलं, "तुम्हाला दोघांना लाज नाही का रे? टीव्हीवर ते काय कमी आहेत?"

"त्याने दुकानातल्या घातल्या," लॉर्न म्हणाला.

"त्याचे सगळे सामने एकतर्फी असतात," ओरेस्ट म्हणाला.

"ओरेस्ट, दुकानातल्या का घातल्यास?"

ओरेस्ट टेबलावरच्या कापडाची घडी सरळ करत राहिला. "एकच पिशवी राहिलीय तिच्या हातची."

लॉर्नने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग सांगायचंस ना, गाढवा."

"मालक गोदाम दाखवत नसतो."

इरेनाने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि पिठाचा डबा टेबलावर आपटला. "ती पिशवी राहू दे तिथेच. पीठ मळायला तुझे हात मोडलेत का?"

ओरेस्टने त्या दुपारी जन्मात पहिल्यांदा पेरोगी केल्या. निम्म्या उकळताना फुटल्या. उरलेल्यांतली एक लॉर्नने तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर बघत बराच वेळ चावली.

"हातच्या आहेत, हे मान्य. पण या पुऱ्या चावेपर्यंत सामना संपेल."

"बेचव असतील तर दुप्पट मिळतील," इरेना म्हणाली. "मंजूर?"

"मंजूर. आणखी एक अट आहे. तो दिवा."

"कुठला दिवा?"

"हाच, स्वयंपाकघरातला." लॉर्न आता ओरेस्टकडे बघत नव्हता. "तीस वर्षं मी समोरच्या खिडकीतून बघतोय. तिसरं सत्र लागलं की इथे अंधार व्हायचा. मला घड्याळ लागायचं नाही. आता तू दिवा चालू ठेवतोस. सिंकपाशी कुणी नाही हे मला तिकडून स्वच्छ दिसतं. मग माझी चकती हरवते. म्हणून मी मारामाऱ्या घालतो."

"दिवा राहणार," ओरेस्ट म्हणाला.

"का?"

"अंधार केला की तिकडून आवाज येईल असं वाटतं. आणि मग येत नाही."

इरेनाने दोघांसमोर कपात चहा ओतला. ती नाक ओढत होती, पण आवाज करडाच होता. "दिवा बंद. बैठक संपली. प्या."

त्या आठवड्यात खऱ्या मालकांनी सगळा हंगामच रद्द करून टाकला. हॉकरिजमध्ये त्याची फारशी चर्चा झाली नाही. सगळं गाव विचारत होतं, शनिवारी निळे जिंकणार का.

शनिवारी ओरेस्टने फोनची वायर पुन्हा भिंतीत खोचली. टीव्हीवर सवयीने जुना सामना लावला, आवाज बंद केला. दोन सत्रं झाली तेव्हा सामना बरोबरीत होता. लॉर्न म्हणाला, "खेळाडू बर्फावर येतायत. मी थांबलोय. करार माहीत आहे ना?"

ओरेस्ट उठला. स्वयंपाकघरात गेला, बटनावर हात ठेवला, जरा थांबला आणि दिवा मालवला. अंधार झाला. त्याने सिंकची कड धरली आणि आवाज येतो का, म्हणून कान दिला. आवाज आला नाही.

मग त्याने मान वर केली.

सिंकवरच्या खिडकीच्या काळ्या काचेत मागचा टीव्ही दिसत होता. पुसटबिसट नाही, अगदी स्वच्छ. बर्फ, फळ्या, गर्दी, सगळं. खेळाडू उलट्या दिशेने धावत होते. त्यांच्यातला एक चकती घेऊन एकटाच पुढे सुटला होता आणि त्याच्या पाठीवर, काचेत उलटा पडलेला, नंबर होता एक्याऐंशी.

ओरेस्ट बघतच राहिला. टीव्हीच्या खाली काचेत सोफ्याची पाठ दिसत होती, आणि सोफ्याच्या मधोमध, जिथे तीस वर्षं त्याचं डोकं टेकलं होतं, तिथे कापड काळवंडलं होतं. म्हणजे तिला तेही दिसत असणार.

"ओरेस्ट? दिवा गेला, बघितलं मी. ये सोफ्यावर. सुरू करतो."

"लॉर्न!" ओरेस्ट तिथूनच ओरडला. "ती बघत होती!"

"कोण?"

"स्टेफा! काचेत! सगळा सामना दिसतो इथून! दिवा घालवला की दिसतो! तीस वर्षं बघत होती चोरटी!"

लॉर्न हळूहळू म्हणाला, "म्हणजे तुमचे ते सगळे विजय..."

"तिच्या डोळ्यांदेखत झाले."

"म्हणजे शकुन वगैरे काही नव्हतंच. म्हणजे निळे खरोखर चांगले खेळायचे?"

ओरेस्टने विचार केला. "एवढं काही म्हणता येणार नाही."

आणि तो हसायला लागला. मे महिन्यापासून हसला नव्हता, त्यामुळे आवाज आधी खोकल्यासारखा आला. रस्त्यापलीकडून तो ऐकून लॉर्नही हसला. मग दोघंही बराच वेळ नुसते नाक ओढत राहिले.

"ये आता सोफ्यावर," लॉर्न म्हणाला. "सामना अडलाय."

"नाही येत. इथूनच बघतो. इथून बरं दिसतं."

"तुझी मर्जी. तर निळ्यांच्या अठरा नंबरने चकती उचललीय..."

"एक्याऐंशी."

लॉर्न थांबला. त्याच्या खिडकीत त्याची आकृती फोन कानाला लावून उभी होती.

"निळ्यांच्या एक्याऐंशी नंबरने चकती उचललीय. लालांचे दोघे मागे पडले. समोर फक्त गोलकीपर. काठी वर उचलली..."

"पुढे बोल!"

"थांब जरा. तुझी पेरोगी चावतोय."