आडवे फोटो

हळदीचा हंगाम सुरू झाला आणि दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कंपनीची वेबसाइट बंद पडू लागली.

कंपनी म्हणजे आखाडा बाळापूरच्या आसपासच्या सातशे हळद उत्पादकांनी मिळून उभी केलेली. वाळवलेली हळद पॉलिशला आणायची तर आधी वेबसाइटवर नंबर लावावा लागे. पुढच्या आठवड्याचे नंबर गुरुवारी सकाळी आठला खुले होत. आधार कार्डाचा फोटो टाकला की नंबर मिळे. पहिले तीन तास सगळं नीट चाले. मग मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत राही आणि ऑफिसातला फोन वाजू लागे.

तो फोन निलम राठोड घ्यायची. नांदेडला बीसीए करून ती आपल्या बंजारा तांड्यावर परतली होती, आणि कंपनीत तिला फोनवरच बसवलं होतं. "ताई, नंबर लागून न्हाई राहिला," हे वाक्य ती एका गुरुवारी साठ-सत्तर वेळा ऐकायची.

वेबसाइट पुण्याच्या एका फर्मनं बनवलेली. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : मशीन लहान पडतेय, दुप्पट मोठी घ्या. मॅनेजर स्वप्निल सरांनी तसा ठराव संचालकांच्या बैठकीत ठेवला. अध्यक्ष मुंजाजी काकांनी चष्मा काढला.

"मशीन हाय कुठं पण? म्या तर आजवर पाहिली न्हाई."

सर काहीतरी इंग्रजीत सांगू लागले. चहाचे कप उचलायला आलेली निलम थांबली.

"काका, मुंबईत एक लई मोठा कॉम्प्युटर हाय. त्याचे वाटे पाडून भाड्यानं देतात. एकेक वाटा स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा चालतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपला वाटा चार जीबी मेमरीचा."

"अन् तो पुरत न्हाई?"

"ते पाहिल्याबिगर कसं सांगू? मशीनच्या आत काय चाललंय ते दिसतं. मला दोन गुरुवार पाहू द्या."

"निलम, तुझं काम फोन घ्यायचं आहे," सर म्हणाले.

"पाहू द्या की," मुंजाजी काका म्हणाले. "दोन गुरुवारानं काय बिघडते?"

पुढच्या गुरुवारी फोन ऑफिसातल्या निताताईंकडे देऊन निलम सरांनी लॉगिन करून दिलेल्या संगणकासमोर बसली. दर पंधरा मिनिटांनी तीन आकडे वहीत उतरवायचे : प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरली, डिस्क किती चाललीय. आठ वाजता मेमरी तीस टक्के. नऊला पन्नास. दहाला बहात्तर. प्रोसेसर मात्र बारा-पंधरा टक्क्यांच्या वर जाईना. पावणेअकराला मेमरी काठोकाठ भरली, डिस्क एकदम धावायला लागली, आणि अकराला वेबसाइट बसली.

निलमला नवल वाटलं. लोक जास्त झाले म्हणून मशीन थकली असती तर प्रोसेसरही वर गेला असता. इथं तो आरामात होता. शिवाय नंबर लागल्यावर माणूस निघून जातो, पण त्यानं घेतलेली मेमरी परत येत नव्हती. म्हणजे आत कोणीतरी बसून राहत होतं.

तिनं चालू प्रोग्रामची यादी काढली. एकच नाव एकशे चाळीस वेळा. आधारचा फोटो लहान करणारा छोटासा प्रोग्राम. फोटो लहान झाला की त्यानं बंद व्हायला हवं होतं. तो होत नव्हता.

पण पुण्यात तपासताना तर तो बराबर बंद होतो, असं फर्मनं फोनवर सांगितलं. मग इथंच काहून अडकतो?

तिनं शुक्रवारी, वेबसाइट रिकामी असताना, स्वतःच्या कार्डाचे वीस फोटो टाकले. बारा वेळा प्रोग्राम बंद झाला, आठ वेळा बसून राहिला. ते आठ फोटो तिनं शेजारी शेजारी उघडले आणि खुर्चीतच ताठ झाली. आठही मोबाइल आडवा धरून काढलेले होते. आधार कार्ड आडवं, म्हणून शेतकरी मोबाइल आडवा धरत. आडवा फोटो सरळ करताना प्रोग्राम अडकून पडत होता. पुण्यातले लोक उभेच फोटो टाकून पाहत असणार.

तिनं सगळे आकडे, याद्या आणि ते वीस फोटो फर्मच्या इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडमना पाठवले. दोन दिवसांनी दुरुस्ती आली.

दुसऱ्या गुरुवारी ऑफिसातल्या सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. दहा वाजता मेमरी चौतीस टक्के. अकराला छत्तीस. साडेअकराला पस्तीस. निताताईंनी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला, चालू आहे की नाही ते. चालू होता. कोणी फोनच करत नव्हतं. सहाशे बारा नंबर त्या दिवशी लागले.

सोमवारच्या बैठकीत स्वप्निल सरांनी फर्मचं पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'आमच्या टीमनं बारकाईनं तपासणी करून दोष शोधला.' संचालकांनी माना डोलावल्या. कोणीतरी पुण्याच्या लोकांचे आभार मानायला सुचवलं.

निलम दाराशी उभी होती. गप्प राहणं सोपं होतं, आजवर तेच केलं होतं.

"काका, तो दोष म्या शोधला," ती म्हणाली.

सगळे वळले. तिनं वही टेबलावर ठेवली. "हे दोन्ही गुरुवारचे आकडे. ही यादी. हे वीस फोटो. दुरुस्ती त्यांनी केली, ते खरं हाय. शोध माझा हाय."

मुंजाजी काकांनी वहीची पानं उलटली, मग म्हणाले, "सर, त्या मॅडमला फोन लावा."

फोन स्पीकरवर होता. प्रियदर्शनी मॅडम क्षणभरही अडखळल्या नाहीत. "पत्र ऑफिसनं लिहिलं, मला दाखवलं नव्हतं. चूक आमची होती आणि ती निलमनं पकडली. आम्हाला इतके दिवस सापडली नव्हती."

स्वप्निल सरांनी मोठ्या मशीनचा कागद आपल्या फाइलमध्ये परत सरकवला आणि घसा साफ केला. "निलम, माझंही चुकलं. आजपासून मशीन तुझ्याकडे. पासवर्ड, हिशेब, देखरेख, सगळं."

"मंजूर," मुंजाजी काका म्हणाले. "अन् लिहा ठरावात. नाव पूर्ण लिहा. निलम प्रेमदास राठोड."

ठरावाची प्रत घेऊन ती तांड्यावर आली तेव्हा तिची याडी, म्हणजे आई, मोतीबाई अंगणात हळकुंडं निवडत होती. निलमनं बोट ठेवून आपलं नाव दाखवलं. मोतीबाईला अक्षर येत नव्हतं, तरी ती कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

"तुझ्या बाचं नाव कुठं हाय?"

"हे. मधलं."

तेवढ्यात प्रेमदास शेतातून आला. त्यानं पाय धुतले, हात पुसले, मगच कागद धरला. एकदा मनात वाचला. मग मोठ्यानं, मोतीबाईला ऐकू जाईल असा, थांबत थांबत वाचला. शेजारची रूपाबाई कुंपणापाशी येऊन काय झालं ते विचारू लागली, तसा तो उभा राहिला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला.