नायतर

पदूच्या धंद्याला भांडवल एकच लागायचं, दम. नेरळच्या आसपास बिल्डरला एखादी जमीन हवी असली आणि मालक देत नसला, की पदू त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. आवाज चढवायचा नाही. "सही कर, नायतर," एवढंच म्हणायचा आणि थांबायचा. पुढचं समोरच्याने आपल्या मनानेच समजून घ्यायचं. ज्याला ते समजायचं नाही, त्याचं एखादं हाड पदू चारचौघांत मोडायचा, म्हणजे बाकीच्यांना वेगळं सांगत फिरायला नको.

आवडीच्या किरणला त्याने असाच भर बाजारात धरला. आवडी गावाबाहेरच्या माळाची मालकीण, नवरा वारलेली, महाहट्टी बाई. किरण तिचा एकुलता एक. लोखंडी गज दंडावर बसला, हाड मोडल्याचा आवाज पार टपरीपर्यंत गेला, पोरगा गटाराच्या कडेला कोसळला. पदूने पुन्हा गज उगारला आणि हात वरच राहिला. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. कळ जबड्यापर्यंत गेली, अंगाला दरदरून घाम सुटला. बघणाऱ्यांना वाटलं, पदूला दया आली. दया कसली डोंबलाची. त्याने सोडा प्यायला, ढेकर दिला आणि गॅस झाला म्हणून विषय मिटवला.

विषय काही मिटला नाही. जिना चढताना धाप लागायला लागली. आडवं पडलं की घुसमटायला व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचा. पाय इतके सुजले की चप्पल चढेना. नेरळमध्ये डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावभर दवंडी पिटायची, म्हणून हा पठ्ठ्या खोपोलीला गेला आणि तिथे नाव खोटं सांगितलं.

तिथली डॉक्टर फिझा वयाने लहान, पण बोलायला खडूस. तिने ईसीजी काढला, छातीवर मशीन फिरवून पडद्यावर त्याला त्याचं हृदय दाखवलं.

"हा भाग हलतोय, दिसतंय? आणि हा इकडचा हलत नाही. मेलाय तो. तुम्हाला अटॅक येऊन गेलाय. छातीत कधी दुखलं होतं?"

"गॅस झालेला," पदू म्हणाला.

"गॅस नव्हता तो. आता हृदय नीट पंप करत नाही, म्हणून फुफ्फुसात पाणी साठतंय. पनवेलला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, ब्लॉकेज कुठे आहे ते कळेल. तोवर या गोळ्या. ही लघवीची आहे, ही चुकवायची नाही. सुकट, पापड, लोणचं बंद. आणि दम लागला तर आडवं व्हायचं नाही. उठून बसायचं, पाय खाली सोडायचे. जमत नसेल तर कुणाला तरी बसवायला सांगायचं. नाहीतर..."

"नायतर काय?"

"नाहीतर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो."

पदूला जन्मात पहिल्यांदा कुणी नाहीतर म्हणालं होतं, आणि वर ते वाक्य पुरंही केलं होतं. त्याचं टाळकं सटकलं. त्याने टेबलावरची काच फोडली, तिचा गळा धरला आणि तिला भिंतीला लावलं. "ह्यातलं बाहेर काय गेलं, तर तुला..." तेवढ्यावर श्वास संपला. हात आपोआप सुटला. फिझा गळा चोळत राहिली. मग पायाने तिने खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"बसा आधी," ती म्हणाली. "आणि पुन्हा माझ्याकडे येऊ नका. पनवेलला जा."

पनवेलला तो गेला नाही. घाबरला होता, खोटं कशाला बोलायचं. पण मरणाला घाबरला नव्हता. ज्याला जिना चढताना दम लागतो, त्याच्या दमाला कोण भीक घालणार? हाडं मोडलेली सगळी माणसं उद्या दारात येऊन उभी राहतील, आणि त्यांच्याआधी त्याचा चेला योगेंद्र, ज्याचा त्याच्या जागेवर कधीचा डोळा होता. दवाखान्यात पडून राहिलं की बोभाटा होणारच. गोळ्या मात्र त्याने घेतल्या आणि गुणही आला. सूज उतरली, जरा झोप लागू लागली.

तेवढ्यात बिल्डरने आवडीच्या सहीचा तगादा लावला. पंचाईत अशी, की त्या लघवीच्या गोळीने घडीघडीला आडोसा शोधावा लागायचा. दम द्यायला गेलेला माणूस मध्येच "आलोच" म्हणून झुडपामागे गेला तर लोक काय म्हणतील? त्याने ती गोळी तेवढी बंद केली. वर बिल्डरच्या पार्टीत सुकटीवर ताव मारला. दोन-चार दिवसांनी काय होतंय, असा त्याचा हिशोब.

आवडीचं घर माळाच्या टोकाला. भर दुपारी योगेंद्र पुढे आणि पदू मागे असे ते चढले. आवडी अंगणात कोयत्याने कुंपणाच्या काट्या तोडत होती, किरण प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता.

"काकी, सही कर," पदू म्हणाला. "नायतर..."

तो थांबला. नेहमीसारखा नाही. पुढे बोलायला छातीत हवाच नव्हती.

आवडीने मान वर केली. "नायतर काय रं?"

"नायतर..."

"आरं बोल की. मघापासून नुसतं नायतर नायतर लावलंयस."

योगेंद्र हसला. ते हसू ऐकलं आणि पदूचा ताबा सुटला. त्याने गज काढून किरणच्या प्लास्टरवरच हाणला. पोरगा किंचाळला. आवडीने कोयता उलटा करून पदूच्या मनगटावर घातला, गज खाली पडला. पदूने तिचे केस धरले आणि तिला कुंपणावर फेकलं. तिचं कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. आणि मग पदूच गुडघ्यावर आला. खोकला आला, खोकल्याबरोबर तोंडातून गुलाबी फेस आला.

"योग्या," त्याने हात पुढे केला.

योगेंद्रने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. वाकून गळ्यातली चेन काढली आणि छातीत लाथ घातली. "लई दम दिलास आजवर," म्हणाला आणि टेकाड उतरून गेला.

पदू उताणा पडला. आतून पाणी वर चढत होतं. उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, डॉक्टरीण म्हणाली होती. कुशीवर वळायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

आवडी आली. पदराने डोळा पुसत त्याच्याकडे बघत राहिली.

"आये, ह्यो मरतोय वाटतं," किरण म्हणाला. "रिक्षा बोलवू?"

आवडी वाकली. तिचा हात त्याच्या खांद्याखाली येत होता, पदूला दिसत होता. काकी, मला बसव, नायतर मी मरतो, एवढं त्याला म्हणायचं होतं. होता नव्हता तेवढा श्वास त्याने गोळा केला. आधीचे शब्द फेसात गेले. बाहेर पडला तो एकच.

"नायतर..."

हात थांबला.

"बघितलंस?" आवडी किरणला म्हणाली. "मरायला टेकलाय, तरी दम देतोय मेला."

तिने हात काढून घेतला आणि त्याच्या छातीवर पाय ठेवला. किरणने चांगल्या हाताने खांदा दाबून धरला. आवडी वाट बघत राहिली.

"बोल ना रं," ती म्हणाली. "नायतर काय?"