कापून टाकलेली गल्ली

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. माझ्या डॉक्टरनं ऐकलं आणि गोळ्या बदलून दिल्या. तरी सांगतो, कारण तुमच्या फ्रेमला अजून अर्धा तास आहे आणि मला घरी जायची घाई नाही.

असं मी त्या बाईंना म्हणालो. फ्रेमवाल्याच्या दुकानात आम्ही तिघंच होतो. बाई मुलाचा पदवी घेतानाचा फोटो घेऊन आलेल्या, मी बाकावर, आणि फ्रेमवाला आतल्या टेबलाशी मान खाली घालून लाकडी पट्ट्या कापत होता. तो माझ्या गोष्टी ऐकत नाही आणि मला थांबवतही नाही. माझ्यासारख्याला याहून चांगली संगत मिळायची नाही.

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"शहर कापतो," मी म्हणालो.

त्या जरा लांब सरकून बसल्या, तेव्हा नीट सांगितलं. जाड पांढरा कागद घ्यायचा. त्यावर पेन्सिलीनं शहराचा नकाशा काढायचा. मग बारीक पात्याच्या चाकूनं घरं, मैदानं, बागा, सगळं कापून काढायचं आणि रस्ते तेवढे ठेवायचे. शेवटी हातात उरते ती नुसती रस्त्यांची जाळी. ती काळ्या पुठ्ठ्यावर बसवायची, नदीच्या जागी खालून निळा कागद सरकवायचा. घड्याळाचा मनोरा, पाण्याची टाकी, जुना पूल, या खुणा मी वेगळ्या कापून वर उभ्या करतो. चाळीस वर्षं हेच केलं. रस्ता आधी स्वतः चालून बघायचा, मगच कापायचा. माझ्या चपला चांभाराला तोंडपाठ आहेत.

"एकदा माझ्या मनोऱ्यावर खरंखुरं कबूतर येऊन बसलं," मी म्हणालो. "बसलं ते बसलं, वर बाराचे ठोके पडायची वाट बघत राहिलं."

"कागदाच्या मनोऱ्यावर?"

"कबुतराला काय कळतंय, बाई! आणि एक मुंगी होती. नदीपाशी आली, थबकली, तडक पुलापर्यंत चालत गेली आणि पुलावरून पलीकडे उतरली. निळ्या कागदावर पाय म्हणून ठेवला नाही तिनं."

बाई हसल्या. कुणी हसलं की मला चेव येतो. एरवी आठवडाभर माझ्याशी बोलतं कोण? दूधवाला दाराला पिशवी अडकवून पसार होतो. लिफ्टमधली बाई प्रत्येक मजल्याला बोलते, पण तिचा आवाज भरून ठेवलेला. मी दोन-तीनदा उत्तर दिलं, ती आपली "तिसरा मजला" म्हणून गप्प.

"पण एक सांगतो," मी म्हणालो. "तोंडानं मी हवं तेवढं खोटं बोलतो. चाकूनं कधी बोललो नाही. जो रस्ता शहरात नाही, तो माझ्या कागदावर नाही. आणि त्या खरेपणानंच माझं वाटोळं केलं."

मग आक्काचं सांगायला लागलो. सांगायचं नव्हतं, पण जीभ तिकडेच वळली.

आक्का माझी थोरली बहीण. आई-वडील दोघंही कामाला जायचे, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून पाठीत धपाटे घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं घर आमच्या इमारतीच्या बरोबर मागं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या गच्चीवरची दोरी दिसते. आज चादरी धुतल्या, आज पडदे काढले, हे मला न विचारता कळतं. मध्ये एका गोदामाची उंच भिंत आहे. आक्काची गल्ली त्या भिंतीला येऊन थडकते आणि तिथंच संपते. रस्त्यानं जायचं तर पुलाकडून वळसा, पंचवीस मिनिटं. माझ्या गुडघ्यांना पस्तीस.

"आता आमच्या कामातली गोम समजून घ्या," मी म्हणालो. "रस्ता दोन्ही टोकांना धरलेला असला की कागद ताठ राहतो. बंद गल्ली एकाच टोकाला लटकते. आजूबाजूचं कापलं की तिचा शेंडा वर उचलतो, मांजराच्या शेपटीसारखा. चिकटवली तरी पावसाळी हवेत सुटते. उपाय एकच. तिच्या टोकापासून पुढच्या रस्त्यापर्यंत केसाएवढी पट्टी राखायची. पण ती पट्टी म्हणजे नसलेला रस्ता झाला! ते मी करत नाही. मी बंद गल्ल्या मुळापासून उडवतो. शहरात एकशे बारा आहेत, सगळ्या उडवल्या."

"आणि तुमच्या आक्कांची?" बाईंनी विचारलं. हुशार होत्या.

"तीही त्यातच गेली."

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर माझा सगळ्यात मोठा नकाशा लागला, दीड माणूस उंच. बघायला गर्दी झाली. मनोरा आणि पूल कुणी बघत नव्हतं. जो तो बोट लावून आपलं घर शोधत होता. आक्का ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिनं चष्मा लावला, पुलावरून बोट आणलं, बेकरीपाशी वळवलं आणि थांबली. बोटाखाली काळा पुठ्ठा होता. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा पुलापासून आली. तिसऱ्यांदाही आली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मला कुठं टाकलंस?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, आक्का, तुझी गल्ली कागदात टिकत नव्हती."

"अगं बाई!"

"चष्मा काढून डबीत ठेवायला लागली. डबी काही बंद होईना. मी पुढं व्हायला हवं होतं. पण लोक माझं अभिनंदन करत होते, आणि मी ते करून घेत होतो. वळून बघितलं तर आक्का गेलेली."

तेव्हापासून तिनं कपडे वाळत घालायची वेळ बदलली. मी खिडकीत उभा असलो की दोरी रिकामी. जरा डोळा लागून उठलो की कपडे हजर, पिना लावून, माणूस गायब.

"फोन करायचा ना," बाई म्हणाल्या.

"केला. उचलला तिनं. 'कोण?' म्हणाली. माझ्या पहिल्या रडण्यापासूनचा आवाज ओळखते ती, आणि विचारते कोण! मला नाव सांगवेना. राँग नंबर म्हणालो आणि ठेवला."

बाईंचा चेहरा उतरला. आत पट्टी कापल्याचा तेवढा आवाज येत होता. माझ्या गोष्टीत मी कुणाचा असा चेहरा होऊ देत नाही. मी बाकावर सावरून बसलो.

"अहो, खरी गंमत तर पुढंच आहे! मी नवा नकाशा कापला. ताटाएवढा, फक्त तिचा आणि माझा भाग. तिची गल्ली राखली, दाराच्या तीन पायऱ्या राखल्या, गच्चीवरची दोरीसुद्धा राखली. आणि गल्लीच्या टोकापासून थेट माझ्या दारापर्यंत केसाएवढी पट्टी ठेवली. जन्मात पहिल्यांदा चाकूनं खोटं बोललो. दोन कागद फुकट गेले, तिसऱ्याला जमलं. फ्रेम करून तिच्याकडे पोचवला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी विसळतोय, तर मागं धडाड!"

"काय झालं?"

"गोदामाची भिंत मधोमध उघडली. पडली नाही हो, उघडली! विटा अदबीनं दोन्हीकडे सरकल्या, एक माणूस जाईल एवढीच वाट सोडून. नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन धावत आला. माझ्या नकाशाशी माप ताडून बघितलं आणि म्हणाला, नकाशात आहे म्हणजे रस्ता आहे, आता इथं दिवा बसवावा लागणार. आणि त्याच्या पाठोपाठ आक्का! घरातल्याच चपला पायात. चाळीस पावलांसाठी कोण चपला बदलतं? माझ्या दारात उभी राहून म्हणाली, 'काय रे, एवढीशी पट्टी ठेवायला जीव जात होता का तुझा?'"

बाई पुढं वाकून ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. असा श्रोता वर्षातून एखादाच मिळतो.

"आणि आता?"

"आता रोज येते. चारच्या ठोक्याला. मी चहाचं आधण ठेवतो, ती खुर्ची ओढते. माझे केस वाढले म्हणून बोलते. खिडकीतली धूळ बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरते. जाते म्हणून उठते आणि उंबऱ्यात उभी राहून आणखी अर्धा तास बोलते. कालच म्हणत होती, तुझ्या त्या वाचनालयातल्या नकाशात..."

फ्रेमवाला हातातली पट्टी घेऊन टेबलाच्या अलीकडे आला.

"काका," तो हळूच म्हणाला, "चार वाजता तर तुम्ही रोज माझ्याकडे असता. याच बाकावर. आणि आक्कांचा नकाशा काच लावून तीन महिने माझ्या कपाटामागं उभा आहे. तो नेऊन कधी देणार?"