शेवटची सात मिनिटं

सिनेमाच्या धंद्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. घरी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो बाळ्याच होता. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, उभा जन्म वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवण्यात घालवला. सूर कसा धरायचा ते मास्तरला त्यांनीच शिकवलं. पण एकतीस वर्षांत मुलाने चाळीसेक चित्रपटांना संगीत दिलं, तरी ‘बरं झालंय’च्या पुढे अप्पांची जीभ कधी सरकली नाही.

या नव्या चित्रपटाच्या शेवटी एक म्हातारी रिकाम्या घरातून फिरते. संवाद नाही, सात मिनिटं नुसतं संगीत. त्या सात मिनिटांसाठी मास्तरने चार महिने स्वतःला पिळून काढलं. बावीस वादक घेऊन ध्वनिमुद्रण केलं. वाजवून झाल्यावर चेलोवाला बराच वेळ चष्माच पुसत बसला, तेव्हा मास्तरला वाटलं, जमलं.

प्रदर्शनाच्या सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. वीस वर्षांचा दोस्त, पण आवाज चोरटा.

“शेवटचं संगीत बदललंय. निर्मात्यांना जड वाटलं. दुसऱ्याकडून करून घेतलं.”

“कधी?”

“पंधरवडा झाला. तुला सांगायला तोंड नव्हतं.”

“मग माझं नाव काढ.”

“आता प्रती थिएटरांत गेल्या रे. आणि नाव राहावं म्हणून मीच भांडलो.”

फोन ठेवून मास्तर मागे वळला, तर दारात अप्पा. इस्त्रीचा कोट, घोटून केलेली दाढी. शहाऐंशीव्या वर्षी ते पहिल्यांदाच मुलाच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला येणार होते. “कान पुरते जायच्या आत एकदा ऐकून घेतो,” असं आठवडाभर चालू होतं. त्यांना काय सांगून घरी बसवणार?

थिएटरच्या अंधारात, एका बाजूला अप्पा आणि दुसऱ्या बाजूला बायको असताना, शेवटचा प्रसंग सुरू झाला. एकटा पियानो. चार सूर, मग शांतता. पुन्हा दोन सूर. म्हातारी एक एक खोली ओलांडत गेली आणि मास्तर प्रत्येक सुरात खोट शोधत गेला, पण ते उत्तम होतं. वाईट असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बाहेर आल्यावर अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“बाळ्या, आज तू शिकलास. आजवर दिसेल ती जागा भरत आलास. आज पहिल्यांदा मोकळी सोडलीस.”

मास्तरने बायकोकडे पाहिलं. चार महिने भिंतीपलीकडून तिने त्याचा सूर न् सूर ऐकला होता. तिला सगळं कळलं होतं. मास्तरने तोंड उघडलं. अप्पांचे डोळे भरून आले होते, आणि असे भरलेले त्याने आई गेली तेव्हासुद्धा पाहिले नव्हते.

“अप्पा, पुढे पायरी आहे,” बायको हळूच म्हणाली आणि तिने त्यांचा दुसरा हात धरला.

दोन दिवसांनी अप्पांनी फर्मावलं, “ते शेवटचं वाजव. कान आहेत तोवर ऐकू दे.”

“उद्या वाजवतो,” म्हणून मास्तर निसटला आणि दुपारी एकटाच तिकीट काढून थिएटरात जाऊन बसला. अंधारात गुडघ्यावर बोटं ठेवून त्याने दुसऱ्याचे सूर पाठ केले, पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखे.

दुसऱ्या दिवशी तो पियानोवर बसला. अप्पांनी खुर्ची अगदी जवळ ओढून घेतली. सूर सगळे बरोबर आले.

“घाई करतोस,” अप्पा म्हणाले. “चौथ्या सुरानंतर थांब. त्या दिवशी किती सुंदर थांबला होतास.”

“हो, अप्पा.”

त्याने पुन्हा वाजवलं. चौथ्या सुरानंतर मनात आकडे मोजले, श्वास धरला, पण बोटं आपणहून पुढे गेली.

“नाही,” अप्पा मायेने म्हणाले. “परत.”

त्याने परत सुरुवात केली.